सहा आंबे घेऊन मुलुंडला

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, बाजाची पेटी महिन्याभरात, टायपिंगचा क्लास चौथ्या दिवशी. म्हणून कोकणात मामाकडे निघालेली सुमती म्हणाली, "पंधरा दिवसांनी मुलुंडला परत येते. तोवर झाडाचे सहा आंबे टिकवून दाखव. मग आमच्या आबांशी आपल्या लग्नाचं बोलेन."

डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधेरीहून सायकल हाणली ती थेट बोरिवलीला. भाडं दिवसाला बारा आणे. मालाडपर्यंत रस्ता बरा, पुढे खडी. पंप सोबत ठेवा.

तिथल्या आंब्याच्या बागेचे राखणदार धोंडूकाका. त्यांनी भरलेले पण कच्चे आंबे बोटभर देठासकट उतरवले. "देठ मोडलास तर चीक सालीवर सांडतो, डाग पडतो. गार जागेत, पेंढ्यावर एकच थर लाव. गच्च झाकलास तर ऊब धरून आठवड्यात पिकतील. आणि दाबून बघू नको, मेल्या!"

"एवढंच?"

"तुला एवढंच जमायचं नाय."

चिडून निघालो. घरी माझ्या खाटेखाली पेंढा पसरला. पण जीव राहीना. दिवसातून चारदा वाकून प्रत्येक आंबा अंगठ्याने हळूच दाबायचा. आई म्हणाली, "अरे, आंबे आहेत की तापाचे पेशंट?" तिसऱ्या दिवशी मोजले तर पाचच! धाकट्या बहिणीवर आळ घेतला, दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. निघायच्या सकाळी पेंढा गोळा करताना सहावा सापडला, खाटेच्या पायामागे घरंगळलेला.

साकीनाक्यावरून घाटकोपर, तिथून आग्रा रोड. घाटकोपरलाच चहा-भजी उरकून घ्या, पुढे कांजूरला सावली मिळत नाही. आंबे हँडलला अडकवू नका, हादरे बसतात. मी पाठीला बांधले होते.

मुलुंडला सुमतीने ओट्यावर एकेक काढला. पाचांवर काळे, मऊ खड्डे. तिने एका खड्ड्यावर माझा अंगठा टेकवला. बरोब्बर बसला. सहावा मात्र पिवळाधमक.

"हा कसा राहिला रे?"

"हरवला होता."

ती खो खो हसली. "म्हणजे तू लक्ष दिलं नसतंस तर सहाही टिकले असते!"

"आबांशी बोलशील ना?"

"दिवाळीत. तोवर रोज पत्र टाकून विचारायचं नाही." आणि सहाव्यातली अर्धी फोड मला दिली.

घरी येऊन आधी बहिणीची माफी मागितली. आज तिसरा दिवस. सुमतीला एक कार्ड लिहून झालंय, पत्त्यासकट. ते खाटेच्या पायामागे टाकून दिलंय.