काळ्या मातीवरचे रूळ

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून आमचे मालक मागच्या खोलीत दर्यापूरच्या जुन्या स्टेशनचं लहानसं मॉडेल बनवतात. पूर्वी तिथून अरुंद रुळांची छोटी गाडी जायची, तीही त्यात आहे. इंजिन माझ्या तळहातावर मावतं. रूळ केसभर सरकले तरी ते घसरतं, म्हणून हे डोळ्याला भिंग लावून रुळांखालची एकेक आडवी पट्टी, स्लीपर, चिकटवतात.

रुळांखाली खरी माती पाहिजे म्हणून यांनी आपल्या वावरातली काळी माती आणली. मी ती जुन्या लुगड्यातून चाळून डिंकात कालवून दिली. यांनी ती थापली, वर रूळ बसवले. माती सुकली तशा तिला भेगा पडल्या, रूळ वाकडे झाले आणि इंजिन प्लॅटफॉर्मजवळ आडवं पडलं. सगळा हिवाळा त्यात गेला होता.

मी यांच्या कामात बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"अवो, काळीत कोणी घर बांधते काय? पांढरीत बांधते."

"मंग पहिले काहून नाही सांगतलं?"

"तुमी रेल्वेचे माणूस. मले वाटलं, तुमाले मालूम असन."

"रेल्वेचा होतो, गवंडी नोतो."

माझ्या माहेरी, बार्शीटाकळीला, पडक्या भिंतीची पांढरी माती होती. ती आणून मी खाली लिंपली. काळी फक्त वरून कोरडी भुरभुरली. यांनी रूळ पुन्हा बसवले.

काल इंजिन सोडलं. ते सावकाश आलं आणि प्लॅटफॉर्मशी उभं राहिलं. यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "पाय, चाकं कशी बसली रुळावर."

मी वाकून पुष्कळ वेळ पाहत राहिली.