पायरीवरून पडलेले व्याही

डोंगरासाठी एवढा जीव टाकणारा आणि डोंगरानं ज्याला कधी हिंग लावूनही विचारलं नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. दुसरा कोणी असता तर दारातच सांगितलं असतं, की बाबा, घरी जा, पायांना तेल चोळ आणि गप पडून राहा. पण मुलीच्या सासऱ्याला असं बोलता येत नाही. त्याला पाणी द्यावं लागतं, चहा द्यावा लागतो, आणि तो सांगेल ते तोंड सरळ ठेवून ऐकावं लागतं. मी ते सगळं केलं. तोंड सरळ ठेवणं तेवढं प्रत्येक वेळी जमलं नाही.

आमचं घर बदलापूर गावाच्या पुढे, चंदेरीच्या पायथ्याच्या वाडीत. माझे मालक गेल्यानंतर मी एकटीच असते. मुलगी अंबरनाथला दिलेली. व्याही तिथेच आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दोन हजार सालानंतर कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. घरी बसलेला पुरुष काही ना काही खूळ काढतोच. कोणी पत्ते खेळतो, कोणी बायकोच्या भाजीत मीठ किती ते बघायला लागतो. व्याह्यांनी डोंगर काढला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, जन्मात कधी मोरीवरचा माळा चढला नव्हता त्या माणसानं.

तयारी अशी, की लढाईला निघालेत. बूट उल्हासनगरच्या बाजारातून आणले होते, चांगले गुबगुबीत, घोट्यापर्यंतचे, बाजूला इंग्रजी अक्षरं. तिसऱ्या रविवारी एका बुटाचा तळ निघाला आणि ते नायलॉनच्या दोरीनं बूट बांधून, एक पाय फरफटत आमच्या अंगणात आले. दुकानदाराकडे भांडायला गेले तर तो सिंधी म्हातारा बूट उलटा करून म्हणाला, "साईं, इसको पहाड पे चढाया क्या? ये तो बाजार में घूमने का है. पहाड पे क्या है, दुकान है?" हे व्याह्यांनीच मला सांगितलं, त्याला नावं ठेवत. मी मनात म्हटलं, या सगळ्या प्रकरणात शहाणा माणूस तेवढा एकच भेटला.

पाठीवरच्या पिशवीत काय नव्हतं ते विचारा. भर उन्हात बॅटरी, शिट्टी, लिंबं, साखरमिठाच्या पुड्या, बसायला वर्तमानपत्र, दुखण्यावर लावायचं मलम, आणि कपडे वाळत घालायची दोरी. सगळ्यात वर, डोक्यावर, कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. कारखाना सुटला तरी हेल्मेट सुटलं नाही. म्हणायचे, "विहीणबाई, सेफ्टी पहिली." आमच्या वाडीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. शेजारीण ओरडून सांगायची, "आला गो तुझा याही, आज वरती छप्पर घालाया निघालाय वाटतं." मी तिला गप करायची आणि आत येऊन हसायची.

आम्ही डोंगरावर जायचो ते लाकडाला, करवंदांना, नाहीतर कोणाची शेळी चुकली तर शोधायला. नुसतं वर जायचं आणि नुसतं खाली यायचं, हे काम मी कोणाला करताना पाहिलं नव्हतं. त्यातून व्याही वरही जात नसत. सकाळी माझ्याकडे चहा पिऊन, "जयभीम, येतो" म्हणून निघायचे. अंगणातून मला तो पिवळा ठिपका दिसायचा. रानात शिरायचा, बाहेर यायचा, थांबायचा, परत चालायचा, आणि खिंडीपर्यंत जाऊन मागे वळायचा. खिंडीच्या वर गुहा आणि तिच्या वर सुळका. तिथवर ते कधीच गेले नाहीत. दम लागायचा, पाय भरून यायचे, पण सांगायचे असं, की आज ढग होते, आज वारा उलटा होता, आज लिंबं संपली. आणि शेवटी ठरलेलं, "पुढच्या रविवारी सुळक्यापर्यंत."

दुपारी ओट्यावर बसून सुकट-भाकरी खाताना मात्र त्यांचं तोंड असं उजळलेलं असायचं, की बघवत नसे. एकदा म्हणाले, "विहीणबाई, खिंडीतून आमचा कारखाना दिसतो. ज्या शेडमध्ये माझा जन्म गेला, ती वरून काड्यापेटीएवढी दिसते."

मी विचारलं, "आणि खालून केवढी होती?"

"खालून फार मोठी होती," ते म्हणाले, आणि बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसले.

इथपर्यंत मला त्यांच्या डोंगराशी घेणंदेणं नव्हतं. पण पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या कुठल्याशा टेकडीवर चक्कर येऊन पडले. सोबतच्या दोघा मित्रांनी उचलून आणलं. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला, आणि माझ्या मुलीच्या सासूनं घरात फर्मान काढलं, की पुन्हा डोंगराचं नाव काढाल तर मी माहेरी जाऊन बसेन. बाई मोठी कडक. तिनं एकदा बोललेलं मागे घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मित्र तर तिथेच गळाले. एकाचे गुडघे गेले. दुसऱ्याला जायचं होतं, पण त्याची विहीण डोंबिवलीला, आणि तिथे डोंगर नाही.

आमच्या व्याह्यांची विहीण डोंगराच्या पायथ्याला. त्यांनी घरी सांगायला सुरुवात केली, "विहीणबाई एकट्या असतात, जरा बघून येतो." याला कोण नाही म्हणणार? सासूबाई उलट खूश झाल्या. माझ्यासाठी डबा द्यायला लागल्या. कधी चिवडा, कधी मेथीचे लाडू. आता भरलेला डबा आला म्हणजे तो रिकामा परत करता येत नाही. मग मी त्यात वाल घालायची, तोंडली घालायची, शेवग्याच्या शेंगा वेगळ्या बांधून द्यायची. हे सगळं कशासाठी चाललंय ते मला कळलंच नाही. मुलगी एकदा माहेरी आली आणि म्हणाली, "आई, तू बाबांना दर रविवारी कशाला गं बोलावतेस? त्यांना आराम सांगितलाय." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की माझ्या परसातली तोंडली अंबरनाथला पुरावा म्हणून चालली आहेत.

पुढच्या रविवारी मी त्यांना स्पष्ट विचारलं, "व्याही, वर तुम्हाला काही झालं तर कोणाच्या नावानं खडे फोडतील?"

"काही होत नाही हो."

"माझ्या नावानं फोडले तर मी ऐकून घेईन. पण माझ्या मुलीला त्या घरात राहायचंय."

तेवढ्यापुरता माणूस उतरला. बूट काढले, हेल्मेट खुंटीला लावलं आणि ओट्यावर बसून राहिले. जेवायला वाढलं तर निम्मं ताटात. डोंगराकडे असे बघत होते, जशी शाळेतून काढलेली पोर शाळेकडे बघते. तसं मीही एकदा बघितलं होतं, चौथीनंतर. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "जा एकदाचे. खिंडीच्या वर जायचं नाही आणि जेवायच्या वेळेला खाली."

मग काय, धीर वाढला. मुलानं मोबाईल घेऊन दिला होता, त्याला खिंडीत रेंज यायची. बायकोचा फोन आला की हे वरूनच सांगायचे, "हो, विहीणबाईंकडे आहे, आत्ताच जेवलो." एकदा तिनं विचारलं, एवढा वारा कसला येतोय? हे म्हणाले, पंखा लावलाय. ती म्हणाली, अहो, सूनबाई सांगत होती, आज त्यांच्याकडे दिवसभर लोडशेडिंग आहे. यांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "विहीणबाई सुपानं वारा घालतायत." हे त्यांनीच खाली येऊन मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. व्याह्याला सुपानं वारा घालणारी विहीण म्हणून माझं नाव अंबरनाथपर्यंत पोचलं होतं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका थंडीतल्या रविवारी पिवळा ठिपका खिंडीत थांबला नाही. मी दळण निवडत होते. बघते तर ठिपका खिंडीच्या वर, कातळाच्या कडेनं सरकतोय, आणि मग दिसेनासा झाला. जेवायची वेळ गेली. कालवणावर थर धरला. मोबाईल माझ्याकडे नव्हता आणि वाडीतले सगळे पुरुष वीटभट्टीवर. मी कोयता आणि पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

मला वाटलं होतं, हा डोंगर माझ्या पायाखालचा आहे. लहानपणापासून मोळ्या आणल्या. पण घरात गॅस आल्यापासून मी वर गेले नव्हते. वाट कारवीनं गिळली होती, आणि जिथे मी पूर्वी बोलत बोलत चढायची तिथे मला झाडाला धरून उभं राहावं लागत होतं. एक लिंबू जवळ असतं तर बरं झालं असतं, असंही मनात आलं. सगळ्या वाटेत एकच विचार, की या माणसाला काही झालं असेल तर मी मुलीला तोंड काय दाखवू.

खिंडीच्या अलीकडे ते दिसले. एका दगडावर बसलेले, उतरताना मुरगळलेला पाय सुजून बुटाबाहेर आलेला, डोक्यावर हेल्मेट, आणि तोंडावर ते उजळलेपण. मला बघून म्हणाले, "विहीणबाई, गुहेपर्यंत जाऊन आलो. आत पाण्याचं टाकं आहे हो. काय गार पाणी."

मला शिव्या द्यायच्या होत्या, पण दम नव्हता. मी शेजारी बसले. म्हटलं, "गार पाणी माझ्या माठातही आहे."

"सुळका राहिला."

"राहू दे. तो कुठे जात नाही."

बराच वेळ दोघं धापा टाकत बसलो. मग उतरायला लागलो. उतरणं कसलं, दोन म्हाताऱ्या माणसांचं घसरणं. ते काठी टेकत, बसत, सरकत येत होते आणि मी पुढे कारवी तोडत होते. तोडता तोडता सवयीनं वाळक्या काटक्या गोळा केल्या आणि त्यांच्याच दोरीनं बांधल्या. ते म्हणाले, "घरी गॅस आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग काय. डोंगरावरून रिकामं उतरायचं?"

त्यांनी मोळीकडे बघितलं. मग म्हणाले, "मी तर नेहमी रिकामाच उतरलो."

त्यांनी ती मोळी मागून घेतली. मी देत नव्हते, पण ऐकेनात. लंगडत, हेल्मेटवर मोळी ठेवून ते वाडीत शिरले तेव्हा सगळ्या बायका बाहेर आल्या. शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली, "याही आता कामाला लागलं." त्यांना त्याचा काय अभिमान वाटला. मोळी ओट्याजवळ टाकून असे उभे राहिले, की आता कोणीतरी फोटो काढावा.

तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांनी नाव बघितलं, सुजलेल्या पायाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी फोन हातातून घेतला आणि त्यांच्या बायकोला सांगितलं, "आमच्या ओट्याच्या पायरीवरून घसरले. पाय मुरगळलाय. पोराला पाठवा न्यायला."

ती बिचारी घाबरली. मग म्हणाली, "विहीणबाई, ती पायरी आधी नीट करून घ्या. उद्या तुम्ही पडाल, घरात कोणी नाही."

बाईनं बोललेलं मागे घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, हे मी आधी सांगितलं आहेच. पुढच्याच रविवारी जावई टेम्पोत सिमेंट, रेती आणि एक गवंडी घेऊन हजर. माझ्या पायरीला काहीही झालं नव्हतं. तो नदीतला काळा दगड माझ्या मालकांनी स्वतः आणून बसवला होता. त्यावरून कधी मांजरही घसरलं नव्हतं. आता मी जावयाला काय सांगणार? पहार घालून त्यांनी तो दगड उपटला आणि मी चहा ठेवायला आत गेले. चांगली रुंद पायरी केली, वर लाल रंग. दगड मी परसात नेऊन ठेवला, त्यावर कपडे धुते.

व्याह्यांचा पाय बरा झाला, पण डोंगराच्या लायकीचा राहिला नाही. हेल्मेट माझ्या खुंटीला राहिलं, नंतर ते कोंबडीनं घेतलं. तिची सगळी पिल्लं त्यात निघाली, म्हणजे कोणाची तरी सेफ्टी झाली. रविवारी ते अजून येतात, आता रिक्षानं आणि बायकोला घेऊन. मुलीची सासू नव्या पायरीवर ऐसपैस बसते, हात फिरवते आणि म्हणते, "बघा, आता कोणाची पडायची भीती नाही." मी हो म्हणते. बाईचं मन चांगलं आहे.

मागे एकदा असेच तिघं बसलो होतो. हवा स्वच्छ होती, सुळका हाताला लागेल असा दिसत होता. सासूबाई सहज म्हणाल्या, "एवढं उंच आहे ते. तिथं वर असतं काय हो?"

व्याह्यांनी कपातून मान वर काढली नाही. "काय माहीत," म्हणाले.

मला त्या माणसाची चीड आली. एवढी वर्षं बूट फाडले, माझी तोंडली संपवली, माझा दगड गेला, आणि विचारलं तर म्हणे काय माहीत. मी म्हटलं, "सुळक्याच्या खाली गुहा आहे. आत पाण्याचं टाकं आहे. पाणी फार गार असतं. आणि खिंडीतून बघितलं तर आनंदनगरच्या शेडी काड्यापेटीएवढ्या दिसतात."

"तुम्ही जाऊन आलात?" तिनं विचारलं.

"छे. आम्हाला कुठला वेळ. ऐकलंय कोणाकडून तरी."

व्याह्यांचा चहा केव्हाच निवला होता, तरी बराच वेळ ते तो फुंकून फुंकून पीत राहिले.