रोहिणीच्या गाडीवरचं डांबर

रोहिणीने गाडी घेतल्याचं रंगुबाईला फोनवर कळलं होतं, पण ती पांढरीशुभ्र आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे शनिवारी सकाळी गाडी दारात थांबली तेव्हा तिला वाटलं, कोणीतरी साहेब आला. मग दार उघडून लेकच खाली उतरली. राहुरीच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत नोकरीला असलेली शहाणीसुरती मुलगी, पण गाडीकडे बघून तिचं तोंड रडवेलं झालं.

चाकांच्या मागे, दरवाजांच्या खालच्या अंगाला, काळे थेंबच थेंब. पाथर्डीकडून गावाला येणारा रस्ता नव्याने होत होता आणि ओल्या डांबरावरून गाडी घातल्यावाचून इलाज नव्हता.

"जुनी का असेना, पहिल्यांदा तुला दाखवायला आणली गं आई!"

रंगुबाईला हसूच फुटलं. "अगं, डांबर हाय ते, देवीचे फोड न्हाईत. निघंल."

तिची उमेदीची वर्षं डांबरातच गेली होती. नवरा होता तोवर दोघं ऊसतोडीला जायची. तो गेला आणि कोयत्याची जोडी मोडली; एकट्या बाईला ऊसतोडीला कोणी घेईना, तशी ती रस्त्याच्या टोळीत लागली. पायांना गोणपाट गुंडाळून भर उन्हात खडी टाकायची. तान्ही रोहिणी बाभळीला बांधलेल्या झोळीत. अजूनही एसटीत बसली की शेजारच्या बाईला खिडकीतून बोट दाखवून ती सांगते, "ह्यो रस्ता आमच्या हातचा."

शेजारचा वाल्मिक शिंगणापूरला भाविकांची जीप चालवतो. तो बाटली घेऊन धावत आला. "मावशी, पेट्रोल लावा. एका फडक्यात साफ!"

रंगुबाईने बाटली घेतली, फडकं भिजवायला वाकली आणि तशीच थांबली.

"नको रं. तेल लावू."

"तेल? आज शनिवार, सगळं जग शनीला तेल वाहतंय, आन् तुमी गाडीला?"

"ही लहान हुती तव्हा हिलाबी तेलच लावलं हुतं," रंगुबाई म्हणाली.

रोहिणीने चमकून आईकडे पाहिलं. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती.

मग रंगुबाईने सांगितली. एकदा दुपारी रोहिणी झोळीतून उतरली, रांगत रांगत डांबराच्या पिंपापाशी गेली आणि गार झालेलं डांबर गालाला, हाताला फासून बसली. रंगुबाई रॉकेल घेऊन धावली, कारण स्वतःचे पाय ती रोज रॉकेलनेच घासायची. टोळीतल्या छबूबाईने तिचं मनगट धरलं. "लेकराचं कातडं हाय ते, जाळतीस का?" तिने आपल्या भाकरीच्या फडक्यातली शेंगदाणा तेलाची बाटली काढली, पोरीला तेलाने न्हाऊ घातलं आणि दोघी नुसत्या बसून राहिल्या. मुकादम ओरडत होता, तरी बसून राहिल्या. डांबर आपोआप सुटलं.

"मी रडले का?" रोहिणीने विचारलं.

"कशाची रडतीस! तेल चाटत हुतीस."

वाल्मिक खो खो हसला आणि त्यानेच गाडी ढकलून लिंबाच्या सावलीत घेतली.

आधी भरपूर पाणी मारून धूळ उतरवली, नाहीतर तीच घासली जाऊन रंगावर ओरखडे उठले असते. मग जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे तेलात बुडवून डागांवर चिकटवले. रोहिणीला धीर धरवेना. एका थेंबाला ती नख लावायला गेली, तर आईने हातावर चापट मारली. "त्याला सुटू दे की!"

तोवर दोघी लिंबाखाली बसून चहा प्यायल्या. राहुरीची खोली, तिथलं पाणी, प्रयोगशाळेतल्या बाईंच्या गमती, असं बोलता बोलता डांबर ढिलं झालं. हलक्या हाताने पुसलं की फडक्यावर तपकिरी ओघळ यायचे आणि खालून पांढरा रंग दिसायचा. हट्टी डागांना दुसऱ्यांदा तेल लागलं. शेवटी शाम्पूच्या पाण्याने सगळा तेलकटपणा धुऊन काढला, तेव्हा दुपार कलली होती.

"आता बस गाडीत," रोहिणी म्हणाली.

रंगुबाईने हातपाय धुतले, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि पुढच्या सीटवर बसली. पट्टा लावून घेताना तिला गुदगुल्या झाल्या. गाडी गावातून निघाली तशी ती पारावरच्या प्रत्येकाला हाका मारू लागली, "ओ दाजी! बनुबाई, ए बनुबाई!" कोणी वळून बघेना. ती हिरमुसली.

"आई, काच वर आहे," रोहिणी हसत म्हणाली आणि तिने काच खाली केली.

मग मात्र रंगुबाईने एकालाही सोडलं नाही.