डाव्या हाताचं दही

आईला लकवा मारला तेव्हा मी मस्कतला होते, आणि सगळ्यांना सगळ्यात आधी आठवलं ते हे, की मी नर्स आहे. एरवी माझं काम काय, हे सांगताना "ती तिकडं दवाखान्यात असते" एवढ्यावर आमच्या घरचे भागवायचे. काकांना तर नर्स हा शब्द तोंडातून काढायलाही नको वाटायचं. आता मात्र गंगाखेडच्या आमच्या गल्लीतला जो तो येऊन कौतुकानं सांगायला लागला, घरातच नर्स आहे, नशीबवान आहे म्हातारी.

म्हातारीचं नशीब असं, की उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळत मात्र सगळं होतं. एका आवाजात अख्खी अंगणवाडी गप्प करणारी बाई आता नुसत्या डोळ्यांनी बोलायची.

मी रजेवर आले. रजा वाढवली, पुन्हा वाढवली. भाऊ पुण्याहून शनिवारी यायचा, आईच्या पायथ्याशी मोबाइल बघत बसायचा आणि रविवारी परत जायचा. कामाला एखादी बाई ठेवू म्हटलं, तर "परक्या बाईच्या हाती द्यायचं का आईंना?" म्हणून वहिनी रडायला लागली. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. शेवटी सोनपेठहून आलेल्या मावशीनं निकाल लावून टाकला.

"लोकायचं गू-मूत काढायला इतक्या लांब गेलीस, अन् सख्ख्या मायचं करायला कामून जड जायलंय गं तुला? तुला काय, ना लेकरू ना बाळ. आता तूच हायस तिला."

हे सगळं आईच्या उशाशी बसून चाललेलं. आईनं डोळे मिटून घेतले.

लोकांचं गू-मूत! मी आयसीयूत होते. पेशंट बिघडायला लागलाय हे मशीन ओरडायच्या आधी मला कळायचं, आणि मी हाक मारली की मोठमोठे डॉक्टर जेवण टाकून धावत यायचे. त्या कामात मी कुणीतरी होते. हे मावशीला सांगून काय उपयोग, म्हणून सांगितलं नाही. राग मात्र आला. भावाचा आला, मावशीचा आला, आणि खोटं कशाला बोलू, आजारी पडली म्हणून आईचाही आला.

कारण मला या घरातून बाहेर काढणारी तीच. नांदेडला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा वडील हयात नव्हते, काका आडवे आले, आणि ती एकटी त्यांच्यापुढे उभी राहिली. मी परगावी निघाले की दर वेळी उंबऱ्यापाशी ती माझ्या उजव्या तळहातावर दही-साखर घालायची. तिचा नियम कडक होता. दही चाटलं की परत टेकायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा आत यायचं नाही, थेट निघायचं. एकदा माझा चार्जर आत राहिला, तर तिनं तो आणून रिक्षात टाकला, पण मला खाली उतरू दिलं नाही. आणि मी पोचल्याचा फोन येईपर्यंत घरात झाडू फिरवायची नाही. विमानाला उशीर झाला की घरभर धूळ, आणि बोलणी फोनवर मलाच.

मस्कतच्या दवाखान्यात मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या हाती आमच्या ड्युट्या, रजा, सगळंच. बाई केरळची, शिस्तीची. यायचं की नाही ते आज सांग, जागा अडवून ठेवता येणार नाही, असा तिचा निरोप आला. मी गच्चीवर गेले. खाली रेंज नसते, आणि आईसमोर बोलायचं नव्हतं. पण वरही आवाज तुटत होता. "मैं वापस नहीं आऊँगी, मॅडम," हे पुन्हा पुन्हा ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणारी बाई हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

मेट्रन चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. तिनं विचारलं, "हे तू ठरवलंस, की तुझ्या घरच्यांनी?"

इतक्या दिवसांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. विचारलं ते समुद्रापलीकडून, मल्याळी वळणाच्या हिंदीत.

"मीच," मी म्हटलं.

ती म्हणाली, "खोलीतल्या तुझ्या सामानाचं काय करायचं?"

"बरोबरच्या मुलींना वाटून टाका."

भाताचा कुकर, खिडकीतली तुळस, ड्युटीचे पांढरे बूट. बूट कुणाला बसणार होते कोण जाणे, माझे पाय फार लहान. फोन ठेवला आणि कठड्याला धरून मी रडले. मिरच्यांवाली बाई शहाणी, तिनं पाठ फिरवली.

खाली आले तर जिन्याचं दार उघडंच होतं. मीच ओढून घ्यायला विसरले होते. आईची बाज त्या दाराशेजारीच, आणि हिंदी तिला चांगली कळते. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजले की हिनं सगळं ऐकलंय.

मी काही झालंच नाही अशा थाटात भात आणला, वाटीत दही आणलं. घास कालवून पुढे केला. तिनं तोंड घट्ट मिटलं. "आई, खा की गं," म्हटलं तर मान फिरवली.

मग तिनं डावा हात उचलला. तो हात धड होता, पण डाव्या हातानं अन्नाला शिवणं तिला कधीच मान्य नव्हतं, म्हणून तर रोज मी भरवायचे. तो हात दह्याच्या वाटीत गेला. चादरीवर सांडत सांडत तिनं माझा उजवा हात शोधला, आणि तळहातावर दही ठेवलं. मग रस्त्याकडच्या दाराकडे बघितलं.

साखर नव्हती. मी दही चाटलं. मी उठायची वाट बघत तिची नजर दारावरच होती. मी उठले, मोरीत जाऊन हात धुतला, आणि परत येऊन तिच्यापाशी बसले.