घटाईची ओटी

देव असेलच, तर तो माझ्याच वाट्याला इतका मुका का, असं मनाशी म्हणत मी त्या दुपारी घराबाहेर पडले. धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. ओटीचं ताट मीच मांडलं होतं. तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळकुंडं. पण बायका ओटी भरायला उठल्या तेव्हा सासूबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "तू जरा आत थांब गं. वाईट वाटून घेऊ नकोस, पहिलटकरीण आहे ती." गाठीमुळे माझं गर्भाशय काढावं लागलं, तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी असेच मऊ बोलत. तो मऊपणा माझ्या घशाखाली उतरत नसे.

बोरिवलीत आमच्या इमारतीमागे जुनं गावठाण आहे. तिथे करंजाच्या सावलीत मध्ययुगातल्या कुठल्याशा देवळाचा एकुलता खांब उरला आहे. त्यावर पूर्णघट कोरलेला: फुगीर पोटाचा कलश, मुखातून दोन्ही अंगांनी ओसंडणारी पानं, मधोमध कमळाची कळी. गावकरी त्याला घटाई म्हणतात, मुलासाठी नवस बोलतात. मीही पूर्वी बोलले होते. त्या दिवशी मात्र शेंदराखालची ती तुडुंब पानं पाहून माझा तोल गेला. "दगडाला पालवी फोडतेस," मी मोठ्याने म्हणाले, "आणि मला मुळासकट उपटतेस?"

"भांडून झालं का गो बाय?"

खांबाच्या मागे रिकामी पाटी घेऊन खाडीपलीकडच्या गोराईची एक कोळीण बसली होती. कपाळ मोकळं, लुगड्याला सुकटीचा उग्र, खारट वास. तिची लेक सातव्या महिन्यात दवाखान्यात होती. रक्त जायचं थांबत नव्हतं. देवीची ओटी भरायची होती, पण स्वतः विधवा, म्हणून ती कुणा सवाष्णीची वाट पाहत होती. तिने नारळ आणि तांदळाची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली.

मी मागे सरले. "माझ्या हातून नको. माझं गर्भाशय काढलंय."

"मंग? हात तं नाय ना काढलं? भर लवकर, माजी बोट सुटल."

मी ओटी भरली. तांदूळ दगडी पानांवरून सरसरत उतरले. शेंदराच्या चिकट थरातून बोटांना पानांच्या कडा लागत होत्या. त्या घटाला ना माती होती, ना मूळ. पानं कशातून फुटली, हे दाखवायची गरज त्या पाथरवटाला वाटली नव्हती. मुठीत थोडे तांदूळ उरले. ज्या रीतीने मला घरात आत बसवलं, तिनेच हिला इथे बाहेर बसवलं होतं.

"मावशी, पदर पुढे करा."

"येडी का काय गो तू! रांडवेची ओटी कोन भरतं?" तिने इकडेतिकडे पाहिलं. मग पदर पसरला.

तिच्या लेकीचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. जावेला मुलगा झाला. बारशाला मला पाळण्यापासून दूरच बसवलं. मनातला कडवटपणा ओसरला, असं म्हणणं खोटं ठरेल. पण घटाईपाशी मी आता काही मागत नाही. तिने मला भरलं नाही. माझ्या रित्या हातांकडून तिने आपलं काम मात्र करून घेतलं, आणि त्या उपकाराखाली माझी मान आपोआप झुकते.