हेमाकाकीची मकाऊ

डहाणूतल्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. किस्से शोधायला आम्हाला कुठे जावं लागत नाही, लोकच ते दोरीला बांधून घेऊन येतात! पण हेमाकाकी तिच्या चंपाला घेऊन यायला लागली आणि म्हशींचे किस्से मागे पडले.

हेमाकाकी मासळी विकते, घरात एकटीच. लेक लग्न होऊन वलसाडला गेली, तिने ही चंपा, म्हणजे मकाऊ जातीची छोटी परदेशी पक्षीण, आईकडे ठेवली. अंग हिरवं, कपाळ निळं, डोळ्यांभोवती पांढरी कातडी, पंख उघडले की खांदे लालभडक. गंजाडचा एक बैलवाला म्हणाला, "पोपट मस्त हाय!" काकी उसळली, "पोपट तुझ्या आंब्यावर! ही अमेरिकेच्या जंगलातली हाय!"

एकदा आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नीट सांभाळलं तर ही पंचवीस-तीस वर्षं जगेल." काकीचा चेहराच उतरला. "माझी साठी झाली. म्हंजे मला नव्वदीपर्यंत जगायला लागंल!" बीपीच्या गोळीला नाक मुरडणारी बाई तडक मेडिकलमध्ये गेली. आता एक गोळी चुकवत नाही.

चंपाची चोच म्हणजे पक्कड! देशी बदाम पायात धरून फोडते. तिने मॅडमचा स्टेथोस्कोप कुरतडला, तर काकी म्हणते, "दात येतायत तिला."

"काकी, पक्ष्याला दात?"

"मग चोच येत असंल!"

आणि एका संध्याकाळी चंपाने पिंजऱ्याची कडी उघडली. थेट किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाच्या शेंड्यावर! वर घार घिरट्या घालत होती. काकीचा पुतण्या धावत जाऊन होडीवरचं जाळंच घेऊन आला. जाळं सुरूत अडकलं, चंपा शेजारच्या झाडावर.

बातमी कळताच मी आणि मॅडमही किनाऱ्यावर धावलो. मॅडम म्हणाल्या, "हे पक्षी थव्यात एकमेकांना साद देतात. तिच्या ओळखीची हाक मारा."

अंधार पडायला लागला. लोक म्हणाले, सकाळी बघू. काकी वाळूत फतकल मारून बसली. "तिला घेतल्याशिवाय मी हलत नाय. घरात दुसरं हाय कोण मला?" रोज बाजारात चंपाचा पिंजरा तिच्या टोपलीशेजारीच असतो. तिने तीच बाजारातली हाक दिली, "बोंबील घ्या, ताजे बोंबील!"

शेंड्यावरून उत्तर आलं, "लय महाग!"

काकीने जन्मात कुणाला भाव कमी केला नाही, मॅडमनाही नाही. ती रडत उठली, दोन्ही हात वर करून ओरडली, "ये गं बाय खाली, तुला फुकट देते!"

चंपा भुर्रकन खाली आली, काकीच्या खांद्यावर बसली आणि कानाशी म्हणाली, "साफ करून दे!"