काचेच्या कपाटातली बिडाची भांडी

सेवेतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं, आणि गंमत म्हणजे ते माझ्या सेवेतलं नाहीच. निवृत्त झालो, पुढच्याच वर्षी पत्नी गेली, आणि मुलाने मला दुबईला, अल मनखूलच्या त्याच्या फ्लॅटवर आणलं. त्यानंतरची ही गोष्ट. यातली माणसं अजून हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

माझे दिवस तेव्हा फार लांब असत. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला जात. नातवंडं शाळेतून आली की "हाय आजोबा" म्हणून खोलीचं दार लावून घेत. मी बाल्कनीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचो. जन्मभर पोलीस ठाण्यात माणसांच्या गर्दीत बसलेला माणूस मी, आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे.

अशात आठव्या मजल्यावरचे इंजिनिअर आले. पुण्याचे, शारजाकडच्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर.

"साहेब, माझ्याकडे चोरी झालीय. कंप्लेंट करायच्या आधी तुम्ही एकदा बघाल?"

"इथे मला कसलाही अधिकार नाही," मी स्पष्ट सांगितलं. "शेजारी म्हणून बघतो."

त्यांच्या हॉलमध्ये एक भिंतभर काचेचं कपाट होतं. आत दिवे, आणि दिव्यांखाली काळीभोर बिडाची भांडी. तवे, कढया, झाकणाची जड पातेली. दुबई सोडून जाणारी कुटुंबं सामान विकतात, त्यांच्याकडून घेतलेली. काही शारजाच्या जुन्या बाजारातली, काही तमिळनाडूतून मागवलेली. त्यांनी एक तवा काढून उलटा केला.

"तळाची ही रेघ बघा. पूर्वी लोखंडाचा रस तळाकडून ओतायचे, त्याचा हा व्रण. ही असली की तवा शंभरीच्या पुढचा समजायचा." मग त्यांनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. घंटेसारखा नाद आला. "अखंड आहे. भेग असती तर बद्द वाजला असता. याचे आज दीड हजार दिरहॅम येतील. म्हणजे आपले पस्तीसेक हजार."

"यात कधी काही करता का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी असभ्य बोललो. "स्वयंपाकाला नॉनस्टिक आहे ना!"

त्यांच्या पत्नी चहा ठेवून गेल्या. मी त्यांना वहिनी म्हणतो, तसंच इथे लिहितो.

गेलेल्या वस्तू तीन होत्या. मोठी कढई, सपाट तवा आणि आप्पेपात्र. आप्पेपात्राचा एक कान तुटका होता, त्यामुळे त्याची किंमत निम्मी झाली होती, हेही त्यांनी सांगितलं. संशय कोणावर, तर बिल्डिंगच्या नातूरवर, म्हणजे वॉचमनवर. राजापूरकडचा माणूस. एसी दुरुस्तीच्या निमित्ताने फ्लॅटची चावी त्याच्याकडे असायची.

"मॅनेजमेंटला मेल तयार आहे. सोमवारी पाठवतो," ते म्हणाले.

त्या मेलनंतर काय होईल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चौकशी होवो न होवो, त्याचा व्हिसा कॅन्सल.

मी जुन्या सवयीने जागेची पाहणी केली. कुलूप शाबूत, कपाटाची चावी नेहमीच्या ड्रॉवरमध्ये. उरलेली भांडी थोडी थोडी सरकवून ठेवलेली, रिकामी जागा डोळ्यांत येऊ नये अशी. खालचा कागद स्वच्छ पुसलेला. चोर असलं काही करत नाही, तो हाताला लागेल ते उचलून निघतो. आणि तो दीड हजारांचा तवा जागच्या जागी होता. ज्याने नेलं त्याने किंमत पाहिलीच नव्हती.

"शेवटची कधी पाहिली होती ही तीन?"

त्यांना सांगता आलं नाही. एका गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचे म्हणून मोजली, तेव्हा कमी भरली.

मग मी खाली नातूरच्या खोलीत गेलो. खोटं बोलणारा माणूस विचारायच्या आधी खुलासे देतो. हा गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "साहेब, ती भांडी गाडीतून वर मीच नेतो. चोरायची असती तर एखादं खालीच राहिलं असतं ना?"

"हे त्यांना सांगितलंस?"

"विचारलंच नाही त्यांनी. पण दोन दिवस झाले, सलामाला मान हलवत नाहीत, तेव्हाच कळलं." मग म्हणाला, "पैसे कमी घेऊन परत गेलो तर चालेल हो. चोर म्हणून कसा जाऊ?"

खबर मिळाली ती घरातच. सूनबाई जेवताना फोन पुढे करून म्हणाली, "बाबा, आमच्या ग्रुपवरच्या एका मुलीने आप्पे केलेत, बघा किती मस्त रंग आलाय." मी आप्पे पाहिले नाहीत. आप्पेपात्र बिडाचं होतं आणि त्याचा एक कान तुटका होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सूनबाईला घेऊन मी त्या मुलीकडे गेलो. सांगलीची, कडेवर लहान बाळ, दुबईत येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

"काकूंनी दिलं. दुकानात कढीपत्ता निवडताना ओळख झाली आमची," ती सहज म्हणाली. "आणखी दोघींना दिलंय. काकू मंगळवारी येतात आमच्याकडे. खातात दोनच घास, पण बसतात खूप वेळ. का हो काका, काही झालंय का?"

"काही नाही," मी म्हणालो. "आप्पे छान दिसले."

रविवारी सकाळी इंजिनिअर गाडी धुवायला गेले, तेव्हा मी वर गेलो. दार उघडंच ठेवायला सांगितलं आणि हॉलमध्ये बसलो. आयुष्यात शेकडो जबाब घेतले, पण सुरुवात कशी करावी हे मला त्या दिवशी सुचेना.

"वहिनी, त्या सांगलीच्या मुलीला भेटून आलो."

त्यांनी नाकारलं नाही. पदराने कपाटाची काच पुसत उभ्या राहिल्या.

"मुलगा कॅनडाला गेला, तेव्हापासून या घरात जेवायला कोणी आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "येतात ते भांडी बघायला. हे तळ दाखवतात, टकटक वाजवतात, मी चहा देते, ते जातात. गंज काढणं, तेल मुरवणं सगळं मीच करते हो. एकदा वाटलं, त्या मोठ्या कढईत काहीतरी शिजू दे. पण दोन माणसांना एवढी कढई कशाला? म्हणून देऊन टाकली. तर ज्या मुलीने ती नेली ती म्हणाली, काकू, पहिल्या घाण्याला तुम्ही यायचं. मला कोणी 'या' म्हणून किती दिवस झाले होते!"

"नातूरवर आळ आलाय, ठाऊक आहे?"

त्यांचा हात थांबला. "त्याच्यावर? मला हे काही बोलले नाहीत." मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "आत्ताच सांगते. तुम्ही थांबा मात्र."

इंजिनिअर वर आले. वहिनींनी उभ्यानेच, दोन वाक्यांत सांगून टाकलं. ते कपाटाकडे वळले.

"त्या मुली भांडी घासतात कशाने? साबणाने नाही ना?"

"नाही. गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात. मी शिकवलंय."

त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात, "मला का नाही सांगितलंस?"

"घरी आल्यावर तुम्ही आधी कपाटाचा दिवा लावता," वहिनी म्हणाल्या. "मला हाक नंतर मारता. कधी मारतच नाही."

मेल त्यांनी माझ्यासमोर काढून टाकला. खाली जाऊन नातूरला सॉरी म्हणाले, त्याचा हात हातात घेतला. "खलास सर, झालं," तो म्हणाला. पण पुढे त्याने त्यांच्या फ्लॅटची चावी स्वतःकडे ठेवायला नकार दिला, आणि काही महिन्यांनी अल बर्शाच्या बिल्डिंगवर बदली मागून घेतली. माणूस निर्दोष ठरला तरी ज्याने संशय घेतला त्याच्या दाराशी पुन्हा मोकळेपणाने उभा राहत नाही, हे मी नोकरीतही पाहिलं होतं.

चोरी झाली की आम्ही पोलीस विचारायचो, काय गेलं, किती किमतीचं होतं, घरात कोण येत-जात होतं. या घरात कोणीच येत-जात नव्हतं, आणि प्रकरणाचं मूळ तिथेच होतं. ते मला सापडलं ते हुशारीने नव्हे. दिवसभर बाल्कनीत एकटा बसून मलाही ते समजायला लागलं होतं, इतकंच.

पुढच्या शनिवारी वहिनींनी कपाटातलं एक पातेलं काढलं आणि मसालेभात केला. इंजिनिअरांनी ऑफिसातल्या दोन कुटुंबांना बोलावलं होतं. एकाकडे ताप निघाला, दुसऱ्यांनी आयत्या वेळी येत नसल्याचं कळवलं. टेबलावर आठ ताटं मांडलेली होती. आम्ही तिघेच जेवलो. भात छान मोकळा झाला होता. इंजिनिअर प्रत्येक वाढीला झाकण उचलून आत डोकावत होते, आणि बोलायला विषय नव्हता तरी कोणी उठत नव्हतं.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "साहेब, उद्या दुपारी काय करताय?"

समन्स काढून माणसांना बोलावण्यात माझी हयात गेली. मला असं कोणी विचारलं नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो.